तारीख, वेळ आणि संगणकीय भाषा : देवघेवीच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न

कालगणनेचे प्रमाणीकरण हा भारतासारख्या खंडप्राय देशात प्रशासनाचा एक महत्त्वाचा प्रश्न राहिला आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ लागू करण्यात आली. ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर आधारलेली ही वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. तथापि मुंबई शहरात या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ पुढेही अनेक वर्षे चालू राहिला आणि १९५५ मध्ये तो संपुष्टात आला. दिनदर्शिकेच्या बाबतीतही अशीच स्थिती होती. देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रचलित असलेल्या सुमारे ३० पंचांगांचा अभ्यास करण्यासाठी १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमण्यात आली. समितीने १९५५ मध्ये अहवाल सादर केला आणि २२ मार्च १९५७, म्हणजेच १ चैत्र १८७९ शके, या दिवसापासून राष्ट्रीय दिनदर्शिका शासकीय कामकाजासाठी स्वीकारण्यात आली.

या दोन्ही निर्णयांमागील सूत्र एकच होते. ज्यांना परस्परांशी व्यवहार करावयाचा आहे, त्यांनी काळ मोजण्याची पद्धत आधी ठरवून घेतली पाहिजे. आज हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा आहे. बँका, कर विभाग, परीक्षा मंडळे, रेल्वे, शेअर बाजार या सर्वांचे व्यवहार संगणकावर चालतात. त्यांतील प्रोग्रॅम भिन्न भिन्न संगणकीय भाषांत लिहिलेले असतात आणि प्रत्येक भाषेची तारीख व वेळ साठविण्याची रीत स्वतंत्र आहे. एका प्रोग्रॅमने लिहिलेली तारीख दुसऱ्याने वाचताना तिचा अर्थ बदलू नये, यासाठी कोणती तत्त्वे पाळावी लागतात, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

एका व्यवहाराचा प्रवास

एखादा करदाता मोबाइलवरून कराचा भरणा करतो, तेव्हा तो एक व्यवहार करीत आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात मोबाइलवरील ॲप जावा किंवा कोटलिन भाषेत, संकेतस्थळाचे पान जावास्क्रिप्टमध्ये, बँकेची लेखाप्रणाली जावा किंवा कोबोलमध्ये, तर आकडेवारीचे विश्लेषण पायथनमध्ये असू शकते. अखेरीस कार्यालयातील कर्मचारी तीच माहिती एक्सेलच्या तक्त्यात उघडतो. भरण्याची वेळ या प्रत्येक टप्प्यावर नव्याने लिहिली व वाचली जाते.

ही वेळ म्हणजे केवळ नोंद नव्हे. तिच्यावर हक्क व दायित्वे अवलंबून असतात. १ एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकीवर मोजले जात असे. त्या दिवसापासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार ते दररोजच्या शिलकीवर मोजले जाते. म्हणजेच जमा किंवा खर्चाची तारीख एका दिवसाने सरकली, तर व्याज बदलते. आर्थिक वर्ष ३१ मार्चच्या मध्यरात्री संपते. एका सेकंदाच्या फरकाने व्यवहार या वर्षातून त्या वर्षात जातो.

प्रत्येक भाषेचे स्वतंत्र पंचांग

संगणकाच्या स्मृतीत तारीख ही बहुधा एक संख्या असते. ठरलेल्या आरंभक्षणापासून किती काळ लोटला, हे ती संख्या सांगते. अडचण अशी की, आरंभक्षण आणि मोजमापाचे एकक ही दोन्ही प्रणालीगणिक बदलतात. काही प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत :

• युनिक्स प्रणाली आणि तिच्यासोबत वाढलेली सी भाषा : १ जानेवारी १९७० रोजीच्या जागतिक मध्यरात्रीपासूनचे सेकंद.
• जावास्क्रिप्ट आणि जावामधील जुनी पद्धत : आरंभक्षण तोच, मात्र एकक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.
• विंडोज प्रणालीतील फाइलींची वेळ : १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात.
• डॉट नेट : इसवी सन १ च्या १ जानेवारीपासून, त्याच सूक्ष्म एककात.
• एक्सेल : १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ मानून दिवसांची संख्या, वेळ ही दिवसाचा अपूर्णांक.

१ एप्रिल २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे २ वाजताचा क्षण उदाहरणादाखल घेता येईल. युनिक्सच्या हिशेबात तो १७११९१७००० सेकंद असा लिहिला जातो. जावास्क्रिप्टमध्ये याच संख्येपुढे तीन शून्ये येतात. जावास्क्रिप्टने पाठविलेली संख्या सेकंद समजून वाचली गेली, तर उत्तर इसवी सन ५६२०० च्या पुढचे येते. उलट सेकंदांची संख्या मिलिसेकंद समजून वाचल्यास जागतिक वेळेनुसार २० जानेवारी १९७० ही तारीख मिळते. एखाद्या अहवालात जानेवारी १९७० मधील अनपेक्षित नोंदी दिसू लागल्या, तर एककाचा हा घोटाळा झाला असल्याची शंका घेण्यास जागा असते.

एक्सेलमधील गुंतागुंत अधिक सूक्ष्म आहे. लोटस १-२-३ या पूर्वीच्या लोकप्रिय तक्ताप्रणालीत १९०० हे वर्ष चुकीने लीप वर्ष धरले होते. तिच्याशी सुसंगतता राखण्यासाठी एक्सेलनेही ती चूक तशीच ठेवली. याशिवाय मॅकिंटॉश संगणकांसाठी १९०४ पासून दिवस मोजणारी दुसरी पद्धत एक्सेलमध्ये आली. या दोन पद्धतींत १,४६२ दिवसांचे अंतर आहे. पहिल्या पद्धतीत १ एप्रिल २०२४ चा क्रमांक ४५३८३ आहे, तर दुसरीत ४३९२१. दुसऱ्या पद्धतीतील ही संख्या पहिल्या पद्धतीने वाचल्यास तारीख ३१ मार्च २०२० अशी येते. ही तारीख अशक्य कोटीतील नसल्यामुळे ती सहजासहजी कोणाच्या लक्षात येत नाही.

महिन्यांचे क्रमांक : उघड चूक आणि मूक चूक

वर्ष, महिना व दिवस हे तीन आकडे वेगवेगळे पाठविल्यास प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथेही एकवाक्यता नाही. सी भाषेत व तिच्या प्रभावाने जावाच्या जुन्या पद्धतीत आणि जावास्क्रिप्टमध्ये महिने ० ते ११ असे मोजले जातात. जानेवारी म्हणजे शून्य. पायथनमध्ये आणि जावाच्या नव्या पद्धतीत ते १ ते १२ असे मोजले जातात.

जावास्क्रिप्टने ३१ मार्च २०२४ ही तारीख २०२४, २, ३१ अशी पाठविली, तर पायथन तिला ३१ फेब्रुवारी समजते आणि अशी तारीख अस्तित्वात नसल्याची सूचना देऊन काम थांबवते. ही उघड चूक होय. याउलट पायथनने तीच तारीख २०२४, ३, ३१ अशी पाठविल्यास जावास्क्रिप्ट तिला ३१ एप्रिल समजते आणि कोणतीही तक्रार न करता १ मे २०२४ अशी ‘दुरुस्त’ करून घेते. ही मूक चूक होय. सार्वजनिक व्यवहारांच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक धोकादायक ठरतो, कारण उघड चूक त्याच दिवशी सापडते, तर मूक चूक लेखापरीक्षणापर्यंत किंवा न्यायालयीन वादापर्यंत दडून राहते.

एकच क्षण, दोन तारखा

वर उल्लेखिलेला १ एप्रिल २०२४ च्या पहाटे २ वाजताचा क्षण समन्वित जागतिक वेळेनुसार, म्हणजेच यूटीसीनुसार, ३१ मार्च २०२४ रोजीच्या रात्री ८.३० चा असतो. दोन्ही विधाने अचूक आहेत. मात्र भारतीय आर्थिक वर्ष भारतीय घड्याळाप्रमाणे बदलत असल्याने हा व्यवहार २०२४-२५ या वर्षातील आहे. जागतिक वेळेत साठविलेल्या नोंदीतून केवळ तारखेचा भाग घेऊन अहवाल तयार केल्यास तो २०२३-२४ मध्ये गणला जाईल.

भारतीय वेळेनुसार मध्यरात्री १२ ते पहाटे ५.३० या साडेपाच तासांत जागतिक वेळेची तारीख नेहमी आदल्या दिवसाची असते. पूर्वी या काळात बँकांचे निधी हस्तांतरण फारसे होत नसे. परंतु एनईएफटी प्रणाली १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस प्रणाली १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू झाली. यूपीआयचे व्यवहारही अहोरात्र चालतात. त्यामुळे जो दोष पूर्वी सुप्त राहत असे, त्याला आता दररोज रात्री वाव मिळतो.

वस्तू व सेवा कराखालील ई-वे बिलाचे उदाहरणही बोधप्रद आहे. नियमानुसार त्याच्या वैधतेचा ‘एक दिवस’ बिल तयार केल्याच्या तारखेनंतरच्या दिवसाच्या मध्यरात्री संपतो. १ एप्रिलला रात्री १२.३० वाजता तयार केलेले एका दिवसाचे बिल त्यामुळे २ एप्रिल संपेपर्यंत वैध असते. एखाद्या वाहतूक संस्थेच्या प्रोग्रॅमने जागतिक वेळेतील ३१ मार्च ही तारीख आधार धरली, तर त्याच्या हिशेबी वैधता १ एप्रिल संपताच संपेल. माल रस्त्यात असताना पूर्ण एक दिवस कागदोपत्री नाहीसा होईल.

क्षण, दिनांक आणि स्थानिक वेळ

अशा घोटाळ्यांच्या मुळाशी बहुधा संकल्पनांची गल्लत असते. दैनंदिन बोलण्यात ‘वेळ’ हा एकच शब्द वापरला जात असला, तरी देवघेवीच्या दृष्टीने किमान तीन गोष्टी भिन्न मानाव्या लागतात.

पहिली गोष्ट क्षण. खात्यातून रक्कम वळती झाली तो क्षण जगात सर्वत्र एकच असतो. फक्त घड्याळे वेगवेगळी असतात. दुसरी गोष्ट दिनांक. जन्मतारीख, सणाची सुट्टी किंवा कर्जरोख्याच्या परतफेडीची तारीख यांना तास-मिनिटे नसतात व कालविभागही नसतो. तिसरी गोष्ट स्थानिक वेळ. ‘कार्यालय सकाळी १० वाजता उघडते’ या विधानाचा अर्थ ते कार्यालय कोठे आहे यावर अवलंबून असतो.

दिनांकाला क्षणाचे रूप दिल्यास काय घडते, हे वयोमर्यादेच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. नागरी सेवा परीक्षा २०२४ साठी, वयात सवलत नसलेल्या उमेदवाराचा जन्म २ ऑगस्ट १९९२ पूर्वीचा नसावा, अशी अट होती. नेमक्या २ ऑगस्ट १९९२ रोजी जन्मलेला उमेदवार या अटीनुसार पात्र ठरतो. आता एखाद्या काल्पनिक अर्जप्रणालीत ब्राउझरमधील जावास्क्रिप्टने ही जन्मतारीख भारतीय मध्यरात्रीचा क्षण म्हणून धरली, असे समजू. पाठविताना तिचे जागतिक वेळेत रूपांतर होऊन १ ऑगस्ट १९९२, सायंकाळी ६.३० असा मजकूर तयार होतो. पलीकडील जावा प्रोग्रॅमने त्यातील पहिली दहा चिन्हे तारीख म्हणून घेतली, की जन्मतारीख १ ऑगस्ट होते आणि पात्र उमेदवार अपात्र ठरतो. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या भाषेच्या नियमांप्रमाणेच वागलेले असतात. चूक असते ती दोघांमधील कराराची.

नव्या भाषारचनांत हा भेद अधिक स्पष्टपणे मान्य करण्यात आला आहे. २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीत क्षण, दिनांक, स्थानिक वेळ आणि कालविभागासहित वेळ यांसाठी स्वतंत्र प्रकार देण्यात आले. पायथनमध्ये कालविभागाची जाण असलेली व नसलेली वेळ असा भेद असून त्यांची लहान-मोठी अशी तुलना करू गेल्यास प्रोग्रॅम थांबतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र दीर्घकाळ एकच प्रकार उपलब्ध होता. त्यातील उणिवा दूर करण्यासाठी ‘टेंपोरल’ ही नवी रचना आखण्यात आली आणि फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ती २०२५ साली उपलब्ध झाली.

देवघेवीची सामाईक लिपी

प्रत्येक भाषेची अंतर्गत रचना बदलणे शक्य नाही व त्याची आवश्यकताही नाही. दोन प्रोग्रॅमांमधील मजकुराचे रूप ठरले, म्हणजे पुरते. आजकाल ही देवघेव प्रामुख्याने जेसन या मजकूर-पद्धतीने होते. जेसनमध्ये संख्या, मजकूर, याद्या यांसाठी तरतूद आहे. तारखेसाठी मात्र स्वतंत्र प्रकार नाही. त्यामुळे तारीख मजकूर म्हणूनच पाठवावी लागते आणि तिचे रूप उभयपक्षी ठरवावे लागते.

‘०३/०४/२०२४’ असे लिहिल्यास भारतात ती ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च होते. ही संदिग्धता टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे प्रमाण प्रसिद्ध केले. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ७९०० या मानकाचा विषयही तारीख व वेळेचे लेखन हाच आहे. आयएसओ प्रमाणात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असा मोठ्याकडून लहानाकडे क्रम असतो. इंटरनेटवरील वापरासाठी याच प्रमाणाचे अधिक काटेकोर रूप जुलै २००२ मध्ये आरएफसी ३३३९ या नावाने निश्चित करण्यात आले. वर दिलेला क्षण त्यानुसार असा लिहिला जातो :

२०२४-०४-०१टी०२:००:००+०५:३०

प्रत्यक्षात येथे आंतरराष्ट्रीय अंक वापरले जातात आणि तारीख व वेळ यांच्यामध्ये ‘टी’ हे रोमन अक्षर येते. शेवटचा भाग ही वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याचे सांगतो. हाच क्षण २०२४-०३-३१टी२०:३०:००झेड असाही लिहिता येतो; ‘झेड’ या अक्षराचा अर्थ शून्य फरक, म्हणजे जागतिक वेळ. या पद्धतीचे तीन लाभ आहेत. महिना व दिवस यांच्या क्रमाविषयी शंका उरत नाही. शेवटचा भाग सक्तीचा असल्याने वेळ कोणत्या घड्याळाची आहे हे मजकुरातच नमूद होते. तसेच सर्व नोंदी एकाच वेळफरकाने व समान रूपात लिहिल्या असतील, तर मजकुराचा अक्षरक्रम आणि काळाचा क्रम एकच येतो.

शेवटचा भाग गाळला, तर काय होते, याचे उदाहरण जावास्क्रिप्टमध्येच आढळते. वेळेसह पण वेळफरकाविना लिहिलेला मजकूर ही भाषा स्थानिक वेळ मानते. परंतु केवळ तारीख लिहिली असेल, तर ती जागतिक मध्यरात्र मानते. प्रमाण स्वीकारले तरी त्याचा प्रत्येक तपशील सर्वत्र त्याच दिवशी लागू होतो, असेही नाही. पायथनमधील प्रमाण मजकूर वाचण्याची नेहमीची सोय २०२२ मधील ३.११ या आवृत्तीपूर्वी ‘झेड’ हे अक्षर स्वीकारत नव्हती.

अचूकतेची पातळी हा आणखी एक मुद्दा आहे. जावास्क्रिप्टची जुनी पद्धत मिलिसेकंदापर्यंत, पायथनची मूळ पद्धत मायक्रोसेकंदापर्यंत आणि जावाची नवी पद्धत नॅनोसेकंदापर्यंत वेळ धरते. अधिक सूक्ष्म वेळ कमी क्षमतेच्या प्रोग्रॅममधून परत आली, की तिचे शेवटचे अंक गळून पडतात. मग मूळ नोंद व परत आलेली नोंद समान नाहीत, असा निष्कर्ष निघतो. शेअर बाजारासारख्या क्षेत्रात कोणती मागणी आधी आली हे वेळेवरून ठरत असल्याने किती अंकांपर्यंत वेळ पाठवावयाची, हेही करारातच नमूद असणे आवश्यक असते.

वेळफरक आणि कालविभाग

साडेपाच तास हा वेळफरक आहे. भारत हा कालविभाग आहे. भारतात आज वर्षभर एकच वेळफरक लागू असल्याने या दोन संकल्पनांतील अंतर चटकन जाणवत नाही. न्यूयॉर्क आणि भारत यांच्या घड्याळांतील अंतर मात्र हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास असते. शिवाय वेळफरक शासनाच्या निर्णयाने बदलू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. नेपाळने १९८६ मध्ये आपला वेळफरक पावणेसहा तास केला. सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर हा दिवसच वगळला.

अशा सर्व बदलांची नोंद कालविभागांच्या आंतरराष्ट्रीय माहितीकोशात ठेवली जाते. त्यात भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’ या नावाने आहे. घडून गेलेल्या घटनेसाठी क्षण व वेळफरक पुरेसे असतात. भविष्यातील घटनेसाठी मात्र कालविभागाचे नाव सोबत ठेवावे लागते, कारण त्या दिवशी कोणता वेळफरक लागू असेल, याची आज शाश्वती देता येत नाही. मजकुरात कालविभागाचे नाव जोडण्याची प्रमाण रीत एप्रिल २०२४ मध्ये आरएफसी ९५५७ द्वारे निश्चित झाली.

हा मुद्दा भारतासाठी केवळ सैद्धांतिक नाही. ईशान्य भारतासाठी एक तास पुढे असलेली दुसरी प्रमाणवेळ असावी, असा प्रस्ताव राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडला होता. देशात प्रमाणवेळ एकच राहिली आहे. तथापि ‘वेळ म्हणजे भारतीय वेळच’ असे गृहीत धरून लिहिलेले प्रोग्रॅम धोरणात्मक पर्यायांची किंमत विनाकारण वाढवितात, हे लक्षात घेतले पाहिजे.

घड्याळाची विश्वसनीयता

वेळेचे रूप अचूक असले, तरी मूळ घड्याळच चुकीचे असेल तर उपयोग नाही. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणकीय सेवा देणाऱ्या संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडणे अपेक्षित आहे. भारतीय प्रमाणवेळेच्या वापरासंबंधीच्या वैधमापन नियमांचा मसुदाही जानेवारी २०२५ मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पाठविल्याची व मिळाल्याची वेळ कोणती मानावी, याविषयी तरतूद आहे. अशा तरतुदींचा अंमल अखेर विश्वसनीय घड्याळांवर आणि त्यांच्या नोंदींच्या शुद्ध देवघेवीवर अवलंबून असतो.

२०३८ ची मर्यादा

युनिक्स पद्धतीतील सेकंदांची संख्या अनेक जुन्या प्रणालींत ३२ बिटांत साठविली जाते. या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती मर्यादा गाठली जाईल आणि पुढील सेकंदाला अशा प्रणालीतील तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. ६४ बिटांच्या प्रणालींना ही अडचण नाही. लिनक्सच्या २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही त्यावर उपाय उपलब्ध झाला. परंतु देवघेवीच्या साखळीतील एकच कडी जुनी असली, तरी सर्व साखळीला तिची मर्यादा लागू होते.

ही अडचण २०३८ मध्येच सुरू होईल, असे मानणे चुकीचे ठरेल. २०१८ नंतर मंजूर झालेल्या २० वर्षे मुदतीच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता ही मर्यादा ओलांडतो. भारत सरकारने २०२३ मध्ये प्रथमच ५० वर्षे मुदतीचे रोखे विक्रीस आणले. त्यांची परतफेड २०७३ मध्ये व्हावयाची आहे. निवृत्तिवेतन व विमा यांचे हिशेब तर याहून दूरवर जातात.

अर्थशास्त्रीय विचार

प्रमाण हे अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तूसारखे असते. एका संस्थेने ते वापरल्याने दुसरीसाठी त्याचा साठा कमी होत नाही. उलट वापरणाऱ्यांची संख्या वाढते तसतशी त्याची उपयुक्तता वाढते. दहा प्रणालींना परस्परांशी थेट देवघेव करावयाची असेल, तर दोन्ही दिशांची मिळून ९० रूपांतरे लिहावी व तपासावी लागतात. सर्वांनी एक सामाईक रूप मान्य केले, तर प्रत्येकी दोन याप्रमाणे २० रूपांतरे पुरतात. प्रणाली शंभर झाल्यास हे प्रमाण ९,९०० आणि २०० असे होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या आरटीजीएस प्रणालीसाठी आयएसओ २००२२ हे संदेशप्रमाण स्वीकारले. त्यात तारीख व वेळ यांचे प्रकार आधीच निश्चित असल्यामुळे सहभागी बँकांना आपापसांत वेगळे करार करावे लागत नाहीत.

असे असूनही प्रमाणांचा स्वीकार आपोआप होत नाही. याचे कारण बाह्यतेच्या संकल्पनेत सापडते. तारीख चुकीची वाचली गेल्याचा भुर्दंड प्रोग्रॅम लिहिणाऱ्या संस्थेवर पडत नाही. तो अपात्र ठरलेल्या उमेदवाराला, विलंब शुल्क भरणाऱ्या करदात्याला किंवा व्याज बुडालेल्या ठेवीदाराला सोसावा लागतो. प्रत्येकाचे नुकसान लहान व विखुरलेले असल्याने दाद मागण्याचा खर्चच अधिक होतो. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशा स्थितीत बाजारव्यवस्था पुरेशी दक्षता निर्माण करीत नाही. म्हणूनच नियामकांची व शासकीय खरेदीची भूमिका येथे महत्त्वाची ठरते.

उपाययोजनेची दिशा

सार्वजनिक प्रणालींच्या निविदा व करारांत पुढील बाबींचा समावेश करणे इष्ट ठरेल :

१. घडून गेलेल्या घटनांची वेळ आयएसओ ८६०१ च्या काटेकोर रूपात, वेळफरकासह पाठवावी.
२. जन्मतारीख, देय तारीख यांसारखे दिनांक केवळ वर्ष-महिना-दिवस असे पाठवावेत. त्यांना मध्यरात्रीची वेळ जोडू नये.
३. भविष्यातील नियोजित घटनांसोबत कालविभागाचे नाव ठेवावे.
४. संख्येच्या रूपात वेळ पाठविणे अपरिहार्य असल्यास आरंभक्षण, एकक व अचूकता यांचा लेखी उल्लेख असावा.
५. आर्थिक वर्ष, वैधता व वयोमर्यादा यांची गणना भारतीय वेळेत रूपांतर केल्यानंतरच करावी.
६. ३१ मार्चची मध्यरात्र, २९ फेब्रुवारी, मध्यरात्र ते पहाटे ५.३० ही वेळ आणि १९ जानेवारी २०३८ नंतरच्या तारखा यांवर चाचणी घेणे बंधनकारक असावे.
७. वाचता न आलेली तारीख अंदाजाने दुरुस्त न करता नाकारावी आणि तशी सूचना पाठविणाऱ्यास द्यावी.

यांपैकी कोणत्याही उपायासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. आवश्यक प्रमाणे उपलब्ध आहेत व बहुतेक भाषांत ती वाचण्या-लिहिण्याची सोयही आहे. उणीव आहे ती कराराच्या स्पष्टतेची आणि चाचणीच्या शिस्तीची.

समारोप

१९०६ मध्ये घड्याळांचे आणि १९५७ मध्ये दिनदर्शिकेचे प्रमाणीकरण करताना देशापुढे प्रश्न माणसांनी परस्परांना समजून घेण्याचा होता. आज तोच प्रश्न यंत्रांच्या बाबतीत निर्माण झाला आहे. फरक इतकाच की, माणूस शंका आल्यास विचारतो. प्रोग्रॅम मात्र मिळालेल्या आकड्याला आपल्याकडील अर्थ लावून पुढे जातो. शासकीय सेवा जसजशा अधिकाधिक संगणकाद्वारे दिल्या जातील, तसतसे नागरिकाचे वय, पात्रता, देणे व येणे या आकड्यांवरच ठरत जाईल. अर्ज वेळेत भरलेल्या व्यक्तीचा अर्ज वेळेतच नोंदला जाणे ही सुशासनाची प्राथमिक कसोटी आहे. तारीख-वेळेच्या देवघेवीकडे केवळ तांत्रिक तपशील म्हणून न पाहता सार्वजनिक व्यवस्थेचा एक पायाभूत घटक म्हणून पाहणे त्यासाठी आवश्यक आहे.